कडकबाईचं भाषण

आमच्या लाँड्रीत तिला सगळे कडकबाई म्हणायचे. इस्त्री कडक आणि जीभ त्याहून कडक. नवरा एचआयव्हीने गेला आणि तिलाही लागण झाल्याचं बाहेर फुटलं, तेव्हा मालकाने तिला पुढच्या टेबलावरून उचलून मागे चादरींवर टाकलं. "शर्ट लोकांच्या अंगाला लागतात," म्हणाला. चादरी जणू भिंतींना नेसवतात. घरी धाकट्या जावेने तिच्या कपड्यांची दोरी वेगळी बांधली. कडकबाईची बोलतीच बंद झाली. खाली मान घालून यायची, तशीच जायची. मला ते बघवत नसे.

मग एचआयव्हीवर काम करणाऱ्या एका संस्थेच्या ताई तिला सभेत बोलायला घेऊन गेल्या. औषधं नुकती सुरू झालेली, बाई म्हणजे नुसती हाडं. पण माईक हातात आला आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. जावेची दोरी, मालकाच्या चादरी, सगळं काढलं. लोक हसले, रडले, उभे राहून टाळ्या वाजवू लागले. दुसऱ्या दिवशी लाँड्रीत आली ती ताठ मानेने. "शेठ, तुमचं नाव नाही घेतलं हो," म्हणाली, "पण लोक हुशार असतात." पुढे संस्थेची गाडी दारात येऊ लागली आणि जाऊ खिडकीतून बघत राहू लागली. कडकबाई पुन्हा माणसात आली.

घात केला तो औषधांनी. चांगला गुण आला, गाल भरले. संस्थेत आलेल्या नव्या मॅडमनी तिला बाजूला घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, "तुम्ही आता छान दिसता. पण तुमच्याकडे बघून लोकांना काही वाटत नाही. जरा दुसऱ्या कुणाला संधी देऊ या." एक काटकुळी पोरगी त्यांना मिळाली होती. दोन वाक्यं बोलली की हुंदके द्यायची.

गाडी बंद झाली. "काय जाऊबाई, संपलं वाटतं तुमचं भाषण?" जावेने जेवताना सगळ्यांसमोर विचारलं.

कडकबाई वाळायला लागली. मनाला लावून घेतलंय असं मी धरून चालले. एका दुपारी डब्यानंतर तिने चूळ भरली आणि गोळी मोरीत थुंकली. मी तिचा हात धरला.

"अगं, मरशील."

"इतक्यात नाही मरत. गाल बसले की परत सुरू करीन."

"अक्कल गहाण टाकलीस का?"

"तुला काय होतंय बोलायला," ती म्हणाली, "तुला पुढचं टेबल आहे."

शेवटी मी मॅडमना जाऊन सांगितलं. त्या तडक लाँड्रीत आल्या, तिला झापायलाच. पण तिच्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. बराच वेळ तिचा चेहरा न्याहाळून म्हणाल्या, "शनिवारी मोठी सभा आहे. गोळ्या सोडल्या की काय होतं, ते तुम्हीच सांगाल?" त्या बाईच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं मला. कडकबाईचे डोळे मात्र लकाकले.

सभेला मीही गेले. खुर्चीला धरून ती उभी होती. "बायांनो, गोळी चुकवू नका, माझ्याकडे बघा," म्हणाली आणि सभागृह ढसाढसा रडलं.

परतताना गाडीत तिला खोकल्याची ढास लागली. पाणी दिलं, पाठ चोळली.

"पाहिलंस? उठून उभे राहिले सगळे," ती म्हणाली.

"पाहिलं. आता उद्यापासून गोळी घे."

"घेते की," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यातली सभा तेवढी होऊ दे."