शेजारच्या आजींचा भाऊ सापडला

इथे न्यूझीलंडमध्ये, अप्पर हट गावात, आमच्या शेजारी एक लिथुएनियन आजी एकट्याच राहतात. नव्वदीला टेकल्या आहेत, तरी बाग स्वतः करतात. त्या आठ वर्षांच्या असताना सोव्हिएत फौजा त्यांच्या देशात दुसऱ्यांदा घुसल्या. आई त्यांना घेऊन पळाली. थोरला भाऊ मात्र मागे राहिला आणि त्या फौजांशी लढणाऱ्यांबरोबर बंदूक घेऊन जंगलात गेला. निर्वासितांच्या छावण्यांतून फिरत मायलेकी शेवटी इथे पोचल्या. तो मारला गेला, हे कळायला देश स्वतंत्र व्हावा लागला. तोवर आईही गेली होती. त्याला पुरलं कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी तिकडे एका खड्ड्यात हाडं सापडली आणि नातेवाइकांकडून डीएनएचे नमुने मागवले गेले. आजींच्या गालाच्या आतून कापसाची काडी मीच फिरवली, पाकीटही मीच कुरियर केलं. काही महिन्यांनी ईमेल आली. हाडं त्याचीच होती.

आजींनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग एकदम हसल्या. "एवढा शूर माझा भाऊ, आणि त्याला शोधायला कामाला आली माझी थुंकी!"

दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "मला दफनभूमीत सोडशील? आईला सांगायचंय." तिथे त्या आपल्या भाषेत आईशी खूप वेळ बोलल्या. मी जरा लांब उभी होते. परतताना गाडीत त्या चक्क गुणगुणत होत्या.

दफनविधी तिकडे सकाळी, म्हणजे आमच्याकडे संध्याकाळी होता. प्रवास झेपणार नव्हता, म्हणून मी त्यांच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दिला. झेंड्यात गुंडाळलेली लहानशी पेटी पाहून त्या पुटपुटल्या, "केवढा उंच होता गं तो." सैनिकांनी बंदुका झाडल्या तेव्हा दचकून त्यांनी माझा हात धरला.

"मानवंदना आहे, आजी."

"माहितीये," त्या म्हणाल्या. हात मात्र सोडला नाही.

मी येताना पिठलं-भात आणला होता. त्यांनी विचारलं, "हे काय?"

"आमच्याकडे कुणी गेलं, की त्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारी पिठलं-भात नेऊन देतात."

"ऐंशी वर्षं उशीर केलास," असं म्हणत त्यांनी ताट पुढे ओढलं, पोटभर जेवल्या आणि वर आणखी पिठलं मागून घेतलं.