फणसवाडीतला फळा

आप्पा गेल्याचा फोन त्यांच्या पुतण्याने केला, तेव्हा रडू फुटण्याआधी माझ्या तोंडून निघालं, "कुणी पाहिलं?" म्हातारीला भ्रम झाला, असं वाटलं असेल बिचाऱ्याला... हा प्रश्न आप्पांनीच माझ्या जिभेवर बसवला होता, हे त्याला कुठून ठाऊक असणार!

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मी सतरा वर्षांची, आप्पा आमच्याच चाळीत राहणारे, तिशीतले शाळामास्तर. फणसवाडीत आमच्या चाळीच्या जिन्याखाली चळवळीच्या बातम्यांचा फळा असे. माझं अक्षर चांगलं म्हणून खडू माझ्याकडे, आणि त्याचा मला केवढा तोरा! आप्पांचा नियम एकच : प्रत्येक बातमीखाली ती डोळ्यांनी पाहणाऱ्याचं नाव लिहायचं. नाव नसेल तर थांबायचं. आम्हा पोरापोरींना हा निव्वळ घाबरटपणा वाटायचा. एका दुपारी आप्पा शाळेत असताना शेजारच्या चाळीतला एक जण धापा टाकत आला. "गोळीबार झाला! आपला वसंता गेला!" वसंता तिसऱ्या मजल्यावरचा, आईचा एकुलता एक. कुणी पाहिलं, हे विचारायला मला फुरसत कुठली! टपोऱ्या अक्षरांत लिहून मोकळी झाले : 'वसंता हुतात्मा झाला'. खाली नाव नाही. भाजी घेऊन परतलेल्या त्याच्या आईने ते वाचलं आणि ती पायरीवरच कोसळली.

संध्याकाळी वसंता लंगडत का होईना, पण स्वतःच्या पायांनी घरी आला. चाळभर आनंदीआनंद. मी मात्र ओलं फडकं घेऊन जिन्याखाली लपले होते. आप्पांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "फळा मी पुसतो, मंदा. तू वर जा."

वसंताची आई भिंतीला टेकून बसली होती. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाली, "दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, तर विश्वास नसता गं ठेवला..." दुसऱ्या दिवशी मी खडूला हात लावेना. "आता तर तूच लिहायचंस," आप्पा म्हणाले. "कालपर्यंत नियम माझा होता. आता तुझा झाला." लग्न होऊन दादरला जाईपर्यंत तो फळा मीच लिहिला.

फोन ठेवून मी फणसवाडी गाठली. आप्पांचा हात हातात घेतला, थंडगार होता. खाली आले, तर फळा अजून तिथेच. हल्ली त्यावर पाणी कधी येणार, एवढंच लिहितात. खडू उचलला आणि लिहिलं : 'आप्पा गेले'. आणि खाली, नेहमीच्या जागी : 'पाहणारी, मंदा'.