पाय उचलला म्हणून

शहरातल्या इस्पितळात माणसाच्या तोलावर संशोधन करणाऱ्या एका मुलीने, मी पडू नये म्हणून, मला पट्ट्यांनी बांधून एका फळीवर उभं केलं. “आजी, फळी हलेल, पण पाय उचलायचा नाही हं.” फळी हलली आणि मी पाय उचलला. तिने कागदावर फुली मारली. “बघ आई, आता गावी एकटी राहायचं नाही,” सोबत आलेला माझा मुलगा लगेच म्हणाला.

जन्मभर डोक्यावर हंडा घेऊन मी नदीची चढण चढले. पायाखालचा दगड सरकला की पाय दुसरीकडे टाकायचा. खांबासारखी ताठ राहिले असते तर हंड्यासकट नदीत गेले असते. उभा माणूसही सारखा कलतो आणि सावरतो.

“फुली राहू दे पोरी,” मी म्हटलं, “मी गावीच राहणार.” जिन्यापाशी मुलाने आधाराला हात पुढे केला. त्याच्या हातात पिशवी दिली आणि मी जिना उतरले.