पोर्ट पंचवीसवरून रोज अकराला

भूतबित मी मानत नाही, आधीच सांगतो. कॉम्प्युटर नेटवर्क सांभाळणारा माणूस मी... माझा विश्वास फक्त लॉगवर, म्हणजे कुठून काय गेलं त्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींवर. आणि त्या लॉगचीच आज शिसारी येते.

दोन हजार तीनच्या सुमाराची गोष्ट. निफाडच्या एका द्राक्ष एक्स्पोर्टच्या ऑफिसचं नेटवर्क मी नाशिकहून जाऊन बघायचो. ऐन सीझनमध्ये त्यांचे भाव दुसऱ्या व्यापाऱ्याला आधीच कळायला लागले. मालकांनी मला बोलावलं. नेटवर्कवर प्रत्येक कामाचा पोर्ट नंबर ठरलेला असतो — वेबसाइटचा ऐंशी, मेल पाठवायचा पंचवीस. लॉगमध्ये सुनंदाताईंच्या कॉम्प्युटरच्या पत्त्यावरून रोज अकराला पोर्ट पंचवीस! मी ऐटीत सांगून टाकलं, पंचवीस म्हणजे मेल, म्हणजे ह्याच पाठवतात.

सुनंदाताई बिलिंगला होत्या, सायखेड्याहून यायच्या. घर त्यांच्याच पगारावर. त्या एवढंच म्हणाल्या, "सर, माझा कॉम्प्युटर दोन महिने लाइनवरच नाय. मी फ्लॉपीनं काम करते. अन् लय वास मारतो तो."

मी हसलो. संध्याकाळी मालकांनी त्यांना काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या कॉम्प्युटरचा डबा उघडला... शी! आत उंदरांनी घर केलेलं. कागदाच्या चिंध्या, लेंड्या, चिकट मूत — आणि नेटवर्क कार्डाला चिकटलेलं कुजकं पिल्लू. कार्ड हिरवं पडून मोडलेलं. ह्यातून एक अक्षरही बाहेर गेलं नसणार.

मग दुसरंच कोणी त्यांचा पत्ता वापरत असेल, म्हणून लॉग ठेवणारा एक सोडून सगळे कॉम्प्युटर बंद केले. सगळे कॉम्प्युटर जिथे जोडलेले असतात त्या स्विचच्या सगळ्या वायरी उपसून हातात धरून बसलो. अकरा वाजले. लॉगमध्ये ओळ उमटली — तोच पत्ता, पोर्ट पंचवीस. डबा बाहेर अंगणात पडलेला, तरी खोलीत तोच कुजका वास.

मालकांना दाखवलं. नाकाला रुमाल लावून ते म्हणाले, "आता बाईला परत घ्यायचं म्हणजे आपलंच हसं. पुसून टाक ते."

मी पुसलं. उंदरांची किळस धुऊन गेली, ही नाही जात.

चारेक वर्षांनी पंचवटीच्या भाजीबाजारात सुनंदाताई दिसल्या, मेथी विकत होत्या. त्यांनीच ओळखलं. "सापडलं का सर, कोन पाठवत होतं?"

नाही म्हणालो. ते खरंच आहे, मला आजही माहीत नाही. त्या पाठवत नव्हत्या, हे मात्र पक्कं माहीत होतं... आणि मी मेथीची जुडी घेऊन निघून आलो.