सिस्टरचं एक धड गॅदरिंग

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. मळणीयंत्रातून सोयाबीन काढलं की मागे कुटाराचा ढीग आपोआप लागतो, तसे ते लागतात. दाणे पोत्यात भरून बाजारात जातात. कुटार मागे राहतं आणि गुरं वर्षभर तेच चघळतात. आमच्या मिशनच्या शाळेतले दाणे, म्हणजे शिकलेली पोरं, पुण्या-मुंबईला गेली. कुटार माझ्याकडे राहिलं!

मी इथला शिपाई. रिटायर झालो, पण सुटलो नाही. डिसेंबर लागला की फाटकातून हाक येते, "पुंजाजी, बांबू काढा!" हाक मारणारी सिस्टर ल्युसी, आमची हेडमिस्ट्रेस. तिला मी तोंडावर अहोजाहो करतो आणि मागे एकेरी. तिलाही ते माहीत आहे.

सिस्टर केरळची. आली तेव्हा मराठीचा शब्द येत नव्हता. मराठीचे गवई सर पुस्तक घेऊन तिला शिकवायला बसले. पण पुस्तक तासाभराने बंद होतं, आणि माझं तोंड दिवसभर चालू असतं. व्हायचं तेच झालं!

एकदा पुण्याहून कोणी मोठे पाहुणे शाळा बघायला आले. सिस्टर म्हणाली, "बसा न साहेब, काऊन उभे राह्यले? च्या घेता न?"

साहेब बघतच राहिले. म्हणाले, "सिस्टर, आपण मूळच्या इथल्याच का?"

सिस्टर म्हणाली, "हाव!"

नन खोटं बोलत नाहीत असं मी ऐकून होतो.

तर ह्या बाईची एकच इच्छा. नाताळच्या सुट्ट्या लागायच्या आधी शाळेचं गॅदरिंग असतं. त्यात पोरं येशूच्या जन्माचं नाटक करतात. ते नाटक एकदा तरी धड व्हावं! काही न पडता, न जळता, न पळता. देवाकडे ती दुसरं काहीच मागत नव्हती, आणि देव नेमकं तेवढंच देत नव्हता.

*

गॅदरिंगच्या आधी अंगणात गव्हाणीचा देखावा असतो. गवताचं छप्पर, खाली मरियम, जोसेफ, गाय, मेंढरं. येशूच्या देखाव्याला म्हणे बर्फ पाहिजे. आमच्याकडे बर्फ कुठला? आमच्याकडे कापूस! सिस्टरने पोरांना सांगितलं, "घरून मूठ मूठ कापूस आनजा."

पोरांनी आणला. मी छपरावर पसरला. दुसऱ्या दिवशी पोरांचे बाप आले बर्फ बघायला.

त्यांच्यात पुढे शालिग्रामभाऊ. मोताळ्याच्या अलीकडचा शेतकरी. त्याची पोरगी आमच्याकडे शिकली, तिचं लग्नही झालं, पण हा माणूस अजून देखाव्याला कापूस देतो आणि प्रत्येक गॅदरिंगला पहिल्या रांगेत असतो. त्याने छपरावरचा बर्फ चिमटीत घेतला, चोळला आणि ओरडला, "गव्हाणीवर फरदड कोनं लावला बे?"

फरदड म्हणजे शेवटच्या वेचणीचा हलका, पिवळट कापूस.

"माह्या पहिल्या वेचनीचा माल मेंढराच्या पाठीवर, अन् हा फरदड देवाच्या डोक्यावर?"

ज्याचा फरदड होता तो म्हणाला, "देव का ग्रेड पाहून राह्यला का?"

"देव नाई पाहत. पन गाव तं पाहून राह्यलं न!"

दोघं हमरीतुमरीवर आले. सिस्टर बाहेर आली. तिने सगळा कापूस काढायला लावला, घमेल्यात एकत्र कालवला आणि पुन्हा पसरायला लावला. मग हात झटकून म्हणाली, "आता सांगा, कोनाचा कोनता?"

शालिग्रामभाऊने छपराकडे बराच वेळ बघितलं.

"तो डाव्या कोपऱ्यातला माहा हाय."

*

मिशनवाल्यांची एक रीत आहे. देखावा आधी मांडतात, पण गव्हाणीतलं बाळ चोवीस तारखेच्या रात्रीच ठेवतात. तोवर गव्हाणी रिकामी. आम्हाला ते सवयीचं. शालिग्रामभाऊची म्हातारी आई, भागाबाई, मात्र पहिल्यांदाच देखावा बघायला आली होती.

तिने मरियमकडे बघितलं, रिकाम्या गव्हाणीकडे बघितलं, आणि मला विचारलं, "लेकरू कुठी हाय?"

मी म्हटलं, "अजून झालं नाई, माय. चोवीसले होते."

झालं! म्हातारी खवळली. "दिवस भरलेल्या बाईले अशा थंडीत गवतावर बसोलं? कानाले काई बांधलं नाई! अन् हा दाढीवाला नुस्ता उभा हाय! हा कोन, नवरा?"

"हाव."

"वाटूनच राह्यलं!"

तिने स्वतःच्या डोक्याचा स्कार्फ सोडला आणि मरियमच्या मूर्तीला कानावरून घट्ट बांधला. मी सिस्टरला बोलवायला गेलो. सिस्टर आली, बघितलं, आणि मला म्हणाली, "राहू द्या. थंडी तं हायेच."

एवढ्यावर भागलं असतं तर किस्सा गोड होता. पण दुसऱ्या दिवशी, ऐन गॅदरिंगच्या दिवशी, भागाबाई पदराखाली शेगडी घेऊन आली. बाळंतिणीला शेक पाहिजे! कोणाच्या नकळत तिने ती गव्हाणीमागे सरकवली. तिकडे स्टेजवर नाटक सुरू झालं आणि इकडे गवताच्या छपराने पेट घेतला. कापसाचा बर्फ असा भडकला की बोलू नका! मी दोन बादल्या ओतून विझवला. नाटक तिथेच थांबलं, कारण देवदूत, मेंढपाळ, राजे, सगळे आग बघायला पळाले होते.

मरियमला काही झालं नाही. जोसेफची दाढी एका बाजूने गेली ती गेलीच.

भागाबाई म्हणाली, "जाऊ दे. बाईले ऊब तं भेटली!"

*

नाटक गवई सर लिहितात. येशूला बघायला तीन राजे येतात आणि सोनं, ऊद, गंधरस देतात. एका वर्षी सर म्हणाले, "पुंजाजी, गंधरस म्हणजे काय हे लोकांना कळत नाही. आपण आपल्याकडच्या पद्धतीने करू. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ."

मला पटलं. आमच्या भागात सत्कार नाही तो कार्यक्रमच नाही. विहिरीवर मोटर बसवली तरी वायरमनला नारळ देतात!

प्रमुख पाहुणे म्हणून जवळच्या गावचे एक पुढारी बोलावले होते. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. पडघम वाजले तसे ते जागे झाले. बघतात तर स्टेजवर शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ घेऊन तीन जण उभे. पुढारी उठले, टोपी नीट केली, आणि हात जोडत सरळ स्टेजवर!

पहिला राजा सातवीतलं पोरगं. घाबरलं. समोर मोठा माणूस मान वाकवून उभा आहे म्हटल्यावर त्याने शाल त्याच्याच खांद्यावर टाकली. दुसऱ्याने नारळ दिला. तिसऱ्याने पुष्पगुच्छ दिला आणि वर पायाही पडला.

पुढाऱ्यांनी माईक घेतला. शाळेची इमारत, तालुक्याचा रस्ता, धरणाचं पाणी, सगळ्यांवर बोलले. जोसेफ आणि मरियम मांडी बदलून बदलून ऐकत होते. गव्हाणीतलं बाळ तसंच उघडं राहिलं.

सिस्टर पडद्याआड कपाळाला हात लावून म्हणाली, "पुंजाजी, याईले कोनी बलावलं?"

मी म्हटलं, "तुमीच."

*

बैल नको असं मी आधीच सांगितलं होतं. पण ऐकतो कोण! शाळा शिकलेल्या माणसाला एकदा डोक्यात आलं की आलं. गवई सरांना गोठ्यात खरा बैल पाहिजे होता. बैल शालिग्रामभाऊचा, स्वभावाने गरीब.

संध्याकाळी बैल आला तो पोळ्याला सजवतात तसा. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ, कपाळाला बाशिंग.

गवई सर म्हणाले, "अहो भाऊ, हा गरिबाच्या गोठ्यातला बैल आहे!"

शालिग्रामभाऊ म्हणाला, "गरीब येशू असन. माहा बैल काऊन गरीब राहीन?"

स्टेजच्या मागे बेथलेहेम गाव रंगवलेला मोठा पडदा होता. तो दोन बांबूंना ताणून बांधला होता. शालिग्रामभाऊने बैलाचं दावं त्यातल्याच एका बांबूला बांधलं. मी पुढे बाजाच्या पेटीजवळ होतो, मला दिसलं नाही.

नाटक चांगलं रंगलं. देवदूत आला आणि आमच्या पोरांनी आनंदाने ढोल वाजवला. आता बैलाला काय माहीत नाताळ आहे? अंगावर झूल, कानावर ढोल, म्हणजे पोळाच! पोळ्याला काय करायचं हे त्याला पाठ. गावात घरोघर जायचं आणि पुरणपोळी खायची. तो शांतपणे उठला आणि निघाला.

त्याच्या मागे बांबू निघाला. बांबूच्या मागे पडदा निघाला. घरं, मनोरे, खजुराची झाडं, वरचा तारा, अख्खं बेथलेहेम फाटकातून बाहेर पडलं आणि गावाकडे चालू लागलं.

पहिल्या रांगेतून शालिग्रामभाऊने टाळी वाजवली. "वा! असं तं मांगच्या साली बी नोतं!"

सिस्टर त्या दिवशी जेवली नाही.

*

आणि यंदा सिस्टरची बदलीची ऑर्डर आली. नवं वर्ष लागलं की झारखंड. बांबू काढताना माझ्याजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "पुंजाजी, आता हे एकच उरलं. धड होईन का हो?"

बाई कधी असं विचारत नाही. हुकूम सोडते. मी म्हटलं, "नाई झालं तं माह्या मिशा काढून टाका."

मग आम्ही कंबर कसली. बैल नाही, शेळी नाही, कोंबडीसुद्धा नाही. नारळ-शालीला बंदी. शेगडीसाठी झडती घ्यायला फाटकावर मी स्वतः उभा राहिलो, भागाबाईचा पदरसुद्धा झटकून घेतला. प्रमुख पाहुणे बोलावलेच नाहीत. गवई सरांनी तालमी घेऊन घेऊन पोरांचे आणि स्वतःचे घसे बसवले.

आणि सिस्टरच्या हौसेखातर यंदा पहिल्यांदाच पुढे खरा पडदा लावला. लाल कापडाचा, वर बांबू, कप्पीवरून दोरी. दोरी धरून थोडी थोडी सोडली की हळूहळू खाली येणारा. गाठी मी मारल्या. तालमीत एकदाही अडकला नाही.

गॅदरिंगच्या दिवशी मैदान फुल्ल. अमडापूरहून, वडनेरहून जुनी पोरं आली, लेकराबाळांसकट. सिस्टर चालली हे सगळ्यांना कळलं होतं.

आणि नाटक झालं. धड झालं! देवदूत एक शब्द चुकला नाही. तारा वेळेवर लागला. राजे तीनच आले आणि ज्याला द्यायचं त्यालाच दिलं. बाळ झोपलं, गाणं झालं, पोरांनी वाकून नमस्कार केला. गवई सर विंगेत डोळे पुसत होते. सिस्टरने छातीवर क्रूस केला आणि डोळे मिटले.

दिवे लागले.

एक टाळी नाही.

मैदानातलं कोणी उठेना. बाया लेकरं मांडीवर घेऊन तशाच बसलेल्या. म्हातारे स्टेजकडे डोळे लावून. शालिग्रामभाऊ शेंगा फोडत होता, त्याचा हात तोंडाजवळ थांबलेला.

सिस्टर माईक घेऊन पुढे आली. "कार्यक्रम संपला."

कोणी हललं नाही.

"संपला हो! जा न आता."

तेव्हा शालिग्रामभाऊ उभा राहिला. हात जोडले. म्हणाला, "सिस्टर, राग नका मानू. अजून काई पडाचं बाकी हाय का?"

मी मनात म्हटलं, आता हा मार खातो!

"आमी लय दुरून येऊन राह्यलो," तो म्हणाला. "तुमी चालल्या म्हनून म्हातारीले बी आनलं. वरीसभर आमी हेच सांगतो न एकमेकाले... असं कोरडंच पाठवता का?"

सिस्टरने त्याच्याकडे बघितलं. मग मागे भागाबाईकडे, मग सगळ्या मैदानाकडे, पार फाटकापर्यंत. मला वाटलं बाई रडते. पण ती रडली नाही. जराशी मागे सरकली, वर बघितलं, अजून थोडी सरकली. मग मान वळवून मला म्हणाली, "पुंजाजी, पडदा सोडा."

"सोडू?"

"सोडा न!"

मी दोरी पार हातातूनच सोडली.

हळूहळू काही आलं नाही. बांबू मागे कोसळला, कप्पी टणकन उडाली, आणि ते सगळं लाल कापड सिस्टरवर, तिन्ही राजांवर, विंगेतून "अरे, अरे" करत धावत आलेल्या गवई सरांवर एकदम येऊन पडलं!

मैदान उभं राहिलं. अशा टाळ्या मी ह्या शाळेत ऐकल्या नाहीत. शिट्ट्या, आरोळ्या, टोप्या वर! भागाबाई हसता हसता खाली बसली. शालिग्रामभाऊ डोळे पुसत बाजूच्याला सांगत होता, "पाह्यलं न? मी म्हनलोच होतो!"

लाल कापडाखाली गाठोडी हलत होती. त्यातल्या एका गाठोड्यात माईक अजून चालू होता.

"झालं न बाप्पा? आता जा घरी!"