आत्याचा राजा

आमची आत्या खापरं जोडायची. खोदकामातून आलेले मडक्यांचे तुकडे धुवायचे, वाळवायचे, काठाला काठ लावून डिंकाने चिकटवायचे. लग्नाबिग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. तिचा एक राजा होता म्हणे, खोदकामात निघालेल्या, टेकाडावरच्या मोठ्या घरातला, हजारो वर्षांपूर्वीचा! हातात तुकडा धरून ती खिडकीतल्या उन्हाकडे बघत बसायची. तिच्या त्या राज्यात कायम संध्याकाळ असायची, ओल्या मातीचा वास, दूर कुठेतरी माणसांचं बोलणं. "आज स्वारी जेवायला उशिरा आली," असं चहा ओतता ओतता सांगायची. मी तिच्याच टेबलावर मडक्यांची चित्रं काढायचे. चेष्टा केली की म्हणायची, "तुला काय कळतंय, कार्टे!"

पण मॅडमना, म्हणजे आमच्या खोदकामाच्या प्रमुखांना, राजाचीच शंका यायला लागली. मोठ्या घराला ना पहारेकऱ्याची खोली, ना कोठार. दारं चहूबाजूंनी. आणि वाडगे सगळे एका मापाचे. "राजा असता तर त्याचा वाडगा मोठा नसता का?" त्या म्हणाल्या.

आत्या इरेला पेटली. त्याच घरातला एक वाडगा तिने जोडायला घेतला आणि काय सांगू, तो खरंच मोठा होत चालला! आत्याचे पाय जमिनीवर ठरेनात. शेवटचा तुकडा तेवढा उरला. तो बसेचना. फट त्याच्याहून रुंद.

आमच्या कामात याचा अर्थ एकच. आधीचे सांधे सैल बसलेत, प्रत्येकात केसभर डिंक जास्त, आणि वाडग्याचं तोंड पसरत गेलंय. फट बुजवून टाकली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. राहू दे ना गं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

आत्याने कापूस डिंक विरघळवणाऱ्या औषधात बुडवला आणि एकेक सांधा सोडवला. पुन्हा जोडलेला वाडगा बाकीच्यांच्या रांगेत ठेवला, तर त्यातला तो कुठला हे ओळखू येईना.

"गेला माझा राजा," ती म्हणाली. मग मॅडमकडे वळली. "तिथे बसायचं तरी कोण हो?"

"सगळेच बसत असावेत. गोल करून. काय ठरवायचं ते मिळून ठरवायचे."

"मडकी घडवणारी बाईसुद्धा?"

"तीसुद्धा. का नाही?"

आत्या डोळे पुसत हसायला लागली. "आणि मी वेडी," ती म्हणाली, "इतकी वर्षं त्याला वाढत उभी होते."