ओली लाख

परवा मी स्टुलाला चपड्याचं, म्हणजे लाखेचंच, पॉलिश मारलं आणि वाळायच्या आत त्यावर बसलो. पायजम्याचा बराचसा मागचा भाग स्टुलाकडेच राहिला. घरातले हसले, मीही हसलो — पण लाखेचा तो वास आला, आणि बारा वर्षं कोणालाच न सांगितलेली गोष्ट घशाशी आली. तुम्हाला सांगू?

आपला विदर्भ मुंबई राज्यात नुकताच आला होता. मी यवतमाळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतला नोकर. आमचे सर बेडकाच्या मेंदूतली वीज मोजत. त्यासाठी बारीक पोलादी सुईला लाखेचे पाच हात द्यायचे, फक्त टोक उघडं ठेवायचं — म्हणजे सुई त्या एकाच जागेचं ऐकते. लेप फुटला, की सगळीकडचा गलबला आत शिरतो. लाख आणायचा जंगूदादा, झरीकडच्या जंगलातला म्हातारा कोलाम आदिवासी. पळसाच्या फांद्यांवरून खरवडून, एकेक कण निवडून. अशी लाख बाजारात मिळत नाही, असं सरच म्हणत.

एक हात दिला, की दिवसभर वाळू द्यायचं. पाच हात, पाच दिवस. यात अवघड काय होतं? पण कापसाच्या जिनिंगजवळ पत्त्यांचा डाव बसायचा — आणि मी भर पावसाळ्यात पाचही हात एका दुपारी उरकायला लागलो. वहीत मात्र पाच दिवस लिहायचो. सुवाच्य अक्षरात!

सुयांवरचे लेप फुटत गेले आणि सरांचं चार महिन्यांचं काम वाया गेलं. त्यांनी मला विचारलं. मी काय म्हणालो? — म्हणालो, "लाखेतच राळ मिसळली असंल, सर."

पुढच्या खेपेला जंगूदादा आला, तेव्हा सरांनी त्याला सगळ्यांदेखत चोर म्हटलं. तो चिडला नाही. त्यानं एक सुई उचलली, नखानं दाबली, नाकाशी नेली. "लाख खोटी नाही, सायेब. वरतून वाळली, आतून वल्ली हाये." आणि माझ्याकडे पाहिलं. सरांना कळलं नाही. मला कळलं. मी — मी कपाटाची काच पुसत राहिलो.

त्यानं गाठोडं बांधलं. गावात बोभाटा झाला, दागिन्यांत भरायला त्याची लाख घेणाऱ्या सोनारांनीही ती सोडली. तो पुन्हा यवतमाळात दिसला नाही. झरी काही विलायतेत नव्हती. मीच गेलो नाही.

हे लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. ती स्टुलाला चिकटलेलं कापड खरवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले कायले सांगून राह्यले? लाख काय म्या आणून देल्ली होती?"